चीनमधील शाळा, परदेशी शिक्षक आणि कार्यमुक्तीचा कागद

चीनमध्ये शिकवण्याच्या नोकरीविषयी पुण्या-मुंबईकडच्या शिक्षक मित्रमैत्रिणींची विचारणा अधूनमधून होत असते. पगार किती मिळतो, शाकाहारी जेवणाची सोय होते का, मुले शिस्तीची असतात का, हे प्रश्न त्यात हमखास असतात. करारपत्राविषयी मात्र सहसा कोणी विचारत नाही. मी निंगबो शहरातील एका खासगी द्विभाषिक शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. येथे परदेशी शिक्षकांच्या खोलीत सर्वाधिक चर्चा होते ती वर्गाची किंवा निकालाची नव्हे, तर कराराची आणि तो पाळून घेण्यासाठी संस्थाचालकांशी चाललेल्या ओढाताणीची. म्हणून आज तेवढ्याच विषयावर लिहितो आहे.

सुरुवातीला भारतीय पासपोर्टधारकांनी ध्यानात घ्यायची एक गोष्ट. इंग्रजी भाषा शिकवण्याचा परवाना येथे सामान्यतः ज्यांची मातृभाषा इंग्रजी मानली जाते अशा मोजक्या देशांच्या नागरिकांनाच मिळतो आणि भारत त्यात धरला जात नाही. आपले इंग्रजी किती चांगले आहे, याला त्यात महत्त्व नाही. गणित, विज्ञान, अर्थशास्त्र असे विषय शिकवणाऱ्यांसाठी मात्र दार उघडे आहे, आणि केंब्रिज किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळांत शिकवलेल्या आपल्याकडच्या शिक्षकांना येथे मागणीही आहे. या फरकाचा गैरफायदा घेणारे दलाल ‘तूर्त बिझनेस व्हिसावर या, पुढचे आम्ही बघून घेतो’ असे सांगतात. पुढचे कोणीही बघत नाही. 1 जुलै 2013 पासून लागू असलेल्या प्रवेश-निर्गमन कायद्यानुसार विनापरवाना काम करणाऱ्या परदेशी व्यक्तीला 5,000 ते 20,000 युआन दंड होतो आणि प्रकरण गंभीर ठरल्यास 5 ते 15 दिवसांची कोठडीही मिळू शकते. त्याहून वाईट बाब अशी की, परवाना नसलेल्या परदेशी माणसाचे मालकाशी असलेले नाते न्यायालये ‘नोकरी’ म्हणून मान्यच करत नाहीत. त्यामुळे पगार थकला तर कामगार कायद्याचा आधारही हाती राहत नाही.

रीतसर मार्ग असा आहे की, शाळेने आधी कामाच्या परवान्याचे सूचनापत्र मिळवायचे, त्यावर आपण भारतात झेड व्हिसा, म्हणजे नोकरीसाठीचा व्हिसा, घ्यायचा, आणि चीनमध्ये उतरल्यापासून 30 दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करायचा. या अर्जाच्या काळात पासपोर्ट काही दिवस पोलिसांच्या प्रवेश-निर्गमन कार्यालयात राहतो आणि त्याबदल्यात पावती मिळते. तो ‘सुरक्षिततेसाठी’ स्वतःच्या कपाटात ठेवण्याचा अधिकार शाळेला नाही. एप्रिल 2017 पासून ही सारी पद्धत देशभर एकसारखी झाली असून परदेशी कर्मचाऱ्यांची अ, ब, क अशी वर्गवारी केली जाते. बहुतेक शिक्षक ब वर्गात मोडतात.

संस्थाचालकांचे खरे बळ या परवान्यात आहे. तो शिक्षकाच्या पात्रतेवर मिळत असला तरी एका विशिष्ट संस्थेच्या नावाशी बांधलेला असतो. ज्या संस्थेच्या नावाने परवाना आहे तिथेच काम करता येते. एका कंपनीने परवाना काढायचा आणि शिक्षकाला भलत्याच शाळेत पाठवायचे, हा सर्रास चालणारा प्रकार नियमबाह्य आहे. नोकरी बदलायची तर जुन्या शाळेने परवाना रद्द करण्याची प्रक्रिया पूर्ण करून कार्यमुक्तीचे पत्र द्यावे लागते. ते मिळाले नाही, तर नवी शाळा कितीही उत्सुक असली तरी तिचे हात बांधलेले राहतात. महाराष्ट्रात ज्यांनी कधी संस्थेकडून अनुभवाचा दाखला मिळवण्यासाठी हेलपाटे घातले आहेत, त्यांना या परिस्थितीची कल्पना चटकन येईल. फरक एवढाच की, येथे दाखल्याबरोबर देशात राहण्याची मुदतही संपत असते.

करारपत्र बहुधा दोन भाषांत असते आणि शेवटच्या पानावर एक निरुपद्रवी वाटणारे वाक्य असते, की दोन्ही मजकुरांत तफावत आढळल्यास चिनी मजकूर ग्राह्य धरला जाईल. सही करण्यापूर्वी तो चिनी मजकूर शाळेशी संबंध नसलेल्या माणसाकडून वाचून घ्यावा, एवढेच मी प्रत्येकाला सांगतो. सहीचे महत्त्व येथे तसेही दुय्यम आहे, कारण खरे वजन संस्थेच्या गोल लाल शिक्क्याला असते. आमच्या शाळेत तो लेखा विभागातील कुलूपबंद खणात असतो. कागदाखाली रबराचा जाड तुकडा सरकवून, दोन्ही तळहातांचा भार टाकून तो उमटवला जातो. मग करारपत्राची पाने पंख्यासारखी पसरून त्यांच्या कडांवर आणखी एक शिक्का असा मारतात की, प्रत्येक पानाच्या काठावर त्याची एकेक फाक उतरावी आणि मधले पान कोणालाही बदलता येऊ नये. ही काळजी आपल्या फायद्याचीच आहे. मुलाखतीत, फोनवर किंवा वीचॅट या चिनी संदेश-ॲपवर मिळालेली आश्वासने जोवर अशा शिक्क्याखाली येत नाहीत, तोवर त्यांच्या भरवशावर विमानाचे तिकीट काढू नये.

वाद कोठे पेटतात, हे एकदा पाहिले की करार वाचताना नजर आपोआप तेथे जाते. आठवड्याला 20 तासिका असे लिहिलेले असते, पण सकाळच्या ध्वजवंदनापासून संध्याकाळच्या स्वाध्यायापर्यंत शाळेत थांबण्याची सक्ती त्यात आहे की नाही, हे लिहिलेले नसते. वसंतोत्सवाची, म्हणजे चिनी नववर्षाची, आणि उन्हाळ्याची सुट्टी पगारी आहे का, हा प्रश्न दर जुलैमध्ये नव्याने उपस्थित होतो, कारण काही करार बारा महिन्यांचे दिसत असले तरी पगार दहाच महिन्यांचा असतो. ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्टीची भरपाई करण्यासाठी शनिवार-रविवारी शाळा भरते, त्याबद्दल मात्र तक्रार करण्यात अर्थ नाही. सारा देश त्या दिवशी कामावर असतो.

सर्वांत जाचक कलम असते ते मुदतीआधी नोकरी सोडल्यास काही महिन्यांच्या पगाराइतका दंड भरण्याचे. 2008 पासून अमलात असलेल्या चीनच्या श्रम करार कायद्यानुसार असा दंड केवळ दोन प्रसंगी लावता येतो: मालकाने खर्च करून विशेष प्रशिक्षण दिले असेल तर, किंवा प्रतिस्पर्ध्याकडे न जाण्याची अट मोडली असेल तर. एरवी 30 दिवसांची लेखी सूचना देऊन कर्मचारी नोकरी सोडू शकतो. हाच कायदा एक वर्ष किंवा त्याहून अधिक, पण तीन वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या करारात परिवीक्षाकाळ दोन महिन्यांपेक्षा जास्त ठेवू देत नाही. येथवर वाचून सुटकेचा निःश्वास टाकण्याचे कारण नाही, कारण परदेशी कर्मचाऱ्यांना हा कायदा कितपत लागू करायचा याबाबत शहरागणिक भूमिका बदलते. शांघायमध्ये किमान वेतन, कामाचे तास, सुट्ट्या, सामाजिक विमा असे मोजके विषय वगळता उभयपक्षी मान्य केलेल्या अटींनाच सामान्यतः प्राधान्य दिले जाते. दुसऱ्या शहरातल्या मित्राचा अनुभव म्हणूनच आपल्या उपयोगी पडेल याची खात्री नसते.

संस्थाचालकांशी बोलणी करताना आणखी एक अडचण येते, ती म्हणजे निर्णय घेणारा माणूस कधीच समोर नसतो. समोर असते ती परदेशी शिक्षकांचे काम पाहणारी, बहुधा पंचविशीतली, इंग्रजी बोलणारी आणि कसलाही अधिकार नसलेली मुलगी. ती ‘साहेबांना विचारून सांगते’ म्हणते. साहेब तिला उत्तर देत नाहीत. आणि आमचे काही पाश्चात्त्य सहकारी सगळा राग तिच्यावर काढतात, जे मला अन्यायाचे तर वाटतेच, शिवाय निरुपयोगीही वाटते. सर्वांसमक्ष मुख्याध्यापकांना कोंडीत पकडल्यास माघार घेणे त्यांना अशक्य होते. तोच मुद्दा बंद दाराआड, नेमकी मागणी लिहून मांडल्यास पुष्कळदा अर्ध्या तासात मिटतो.

माझ्या एका दक्षिण आफ्रिकी सहकाऱ्याचे प्रकरण या सगळ्याचा नमुना आहे. करार जुलैअखेर संपत होता, नूतनीकरण नको असल्याचे त्याने वसंत ऋतूतच लेखी कळवले होते आणि छंतू (चेंगडू) शहरातील नवी शाळा कागदपत्रांसाठी खोळंबली होती. आधी मुख्याध्यापक दौऱ्यावर होते, मग शिक्क्याची चावी असलेली बाई रजेवर होती, आणि शेवटी असे सुचवण्यात आले की, उन्हाळ्याच्या पगारावरचा हक्क सोडल्यास पत्र लगेच मिळेल. त्याने आवाज चढवला नाही. एका चिनी वकिलाकडून पानभर पत्र लिहून घेतले. करार संपताना तसे प्रमाणपत्र देणे मालकावर बंधनकारक करणारे श्रम करार कायद्याचे 50 वे कलम आणि ते न दिल्याने होणाऱ्या नुकसानीची भरपाई मालकाकडे मागता येते हे सांगणारे 89 वे कलम, एवढाच त्याचा आशय होता. प्रत वीचॅटवर न पाठवता कुरिअरने पाठवली, जेणेकरून पोचपावती राहील. दोन्ही गोष्टी त्याच आठवड्यात मिळाल्या, पत्रही आणि पगारही.

तेवढ्याने भागले नाही तर श्रम लवाद, म्हणजे कामगार-मालक वाद निवडणारी यंत्रणा, आहे. त्यासाठी शुल्क लागत नाही. मात्र वाद उद्भवल्यापासून वर्षभरात अर्ज करावा लागतो आणि कामकाज चिनी भाषेत चालते, म्हणून इंग्रजीतील प्रत्येक ईमेल भाषांतरित करून जोडावा लागतो. निकाल साधारण 45 दिवसांत अपेक्षित असतो. पगाराच्या बँक नोंदी, हजेरी, वेळापत्रक आणि वीचॅटवरील संभाषण पहिल्या दिवसापासून जपून ठेवलेल्या माणसाचे काम त्यात बरेच सोपे होते. तत्पूर्वी 12333 या श्रम व सामाजिक सुरक्षा खात्याच्या क्रमांकावर फोन करून स्थानिक नियम विचारून घेता येतो. सोबत चिनी बोलणारा मित्र असावा.

सगळेच वाद लढवण्याजोगे नसतात, असे माझे मत झाले आहे. वर्गखोली बदलणे, ऐनवेळी ठरलेली बैठक, पालकांसमोर छायाचित्रांसाठी उभे राहणे, हे सोडून द्यावे. पगार, परवाना आणि विमा यांवर मात्र तडजोड करू नये. विम्याकडे आपल्या लोकांचे विशेष दुर्लक्ष होते. ऑक्टोबर 2011 पासून येथे काम करणाऱ्या परदेशी व्यक्तींना सामाजिक विमा लागू आहे आणि निवृत्तिवेतनापोटी पगारातून 8 टक्के रक्कम स्वतःच्या खात्यात जमा होते. देश कायमचा सोडताना ती परत मागता येते. काही शाळा हा विमा भरतच नाहीत आणि ‘तुमच्या हातात जास्त पैसे पडतील’ असे सांगून शिक्षकाची संमती घेतात. पण त्यामुळे मालकाचा हिस्साही वाचतो, हे कोणी बोलत नाही. ही रक्कम मागण्यासाठी सामाजिक विमा कार्यालयात जाताना पासपोर्टसोबत नोकरी संपल्याचा पुरावाही न्यावा, आणि तो पुन्हा त्याच लाल शिक्क्याचा असतो, म्हणून कार्यमुक्तीच्या पत्राच्या दोन मूळ प्रती मागून घ्याव्यात.