हिमगौरी आधी, श्रेक नंतर

शनिवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी मुलांना गोष्टी सांगते. मुलांना न्यायला आलेली एखादी आई दाराशी थांबून हमखास विचारते, "ताई, यांनी ‘श्रेक’ पाहिलाय, ‘फ्रोझन’ पाहिलाय. त्यात राजपुत्र लबाड निघतो, राजकन्या राक्षसीण होते. मग हिमगौरी अजून कशाला सांगायची?"

सांगायचीच. आणि जमलं तर सिनेमाच्या आधी.

‘श्रेक’मधला (२००१) मनोऱ्यातला प्रसंग आठवा. सोडवायला कुणी आलंय म्हटल्यावर मनोऱ्यात कोंडलेली राजकन्या फियोना लगबगीने पलंगावर आडवी होते, झगा सारखा करते, फुलं छातीशी धरते आणि डोळे मिटून ओठ पुढे काढते. श्रेक नावाचा राक्षस येतो आणि तिला खांद्यांना धरून गदागदा हलवतो. हा प्रसंग दाखवला तेव्हा झोपलेल्या राजकन्येची गोष्ट माहीत असलेली पोरं खो खो हसली. एका मुलीला ती माहीत नव्हती. तिने मला हळूच विचारलं, "ती तर जागीच होती, मग परत झोपली कशाला?" तिचा प्रश्न अगदी रास्त होता. साचाच ठाऊक नसेल तर तो मोडलेला कसा कळणार?

दुसरं कारण मला जास्त जवळचं आहे. चुंबनाने राजकन्या जागी होते, हा साचा जुन्या गोष्टींत आपण समजतो तितका पक्का नाही. ग्रिम बंधूंच्या प्रचलित हिमगौरीत चुंबन नाहीच. राजपुत्राचे नोकर काचेची शवपेटी खांद्यावरून नेत असतात, एकाला झुडपाची ठेच लागते, हिसका बसतो आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. झाली हिमगौरी जागी! चुंबन आहे ते झोपलेल्या राजकन्येच्या गोष्टीत. हिमगौरीच्या बाबतीत ते आपल्या डोळ्यांपुढे येतं १९३७ च्या डिस्नेपटामुळे. बेडकाच्या गोष्टीतही ग्रिमांची राजकन्या चिडून बेडकाला भिंतीवर आपटते आणि तेव्हा त्याचा राजपुत्र होतो. म्हणजे श्रेकने गदागदा हलवणं हे जुन्या हिमगौरीच्या फार जवळचं आहे.

‘फ्रोझन’चंही (२०१३) तसंच. डॅनिश लेखक अँडरसनच्या १८४४ च्या ‘हिमराणी’ या गोष्टीत काय नावाच्या आपल्या मित्राला सोडवायला गेर्डा नावाची लहान मुलगी बर्फातून जाते, तिच्या आसवांनी त्याचं गोठलेलं काळीज वितळतं. सिनेमात बहीण बहिणीसाठी तलवारीपुढे उभी राहते. गोष्ट बरीच बदलली आहे, पण वाचवणारी मुलगीच, हे मूळ गोष्टीतलंच आहे.

फियोनाचा शेवट मात्र खरोखर नवा, आणि मला तो फार आवडतो. शापामुळे ती दिवसा माणूस आणि रात्री राक्षसीण असते, म्हणून रात्री लपून राहते. चुंबन होतं, ती प्रकाशात वर उचलली जाते, चर्चच्या काचा फुटतात, आणि खाली उतरते ती राक्षसीण म्हणूनच. ती गोंधळून म्हणते, मी तर सुंदर व्हायला हवी होते. श्रेक म्हणतो, तू सुंदरच आहेस. आमच्या हॉलमध्ये तेव्हा अगदी शांतता होती. मग मागून एक मुलगा म्हणाला, "आता तिला रात्री लपायला नको."