सातशे शब्दांत हिल हाउस

पुरवणीच्या संपादकांचा फोन आला तो शुक्रवार होता, १२ ऑक्टोबर २०१८. ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस’ त्याच दिवशी नेटफ्लिक्सवर आली होती. “मॅडम, भुताची आहे म्हणतात. पहिल्या भागावर सगळेच लिहितील, तुम्ही शेवटच्यावर लिहा. सातशे शब्द, मंगळवारी दुपारपर्यंत. दसऱ्याचा अंक आहे.” मी हो म्हणाले. दहा भाग, तीन रात्री, हिशेब सोपा होता. शेवटच्या भागावर लिहायचं म्हणजे आधीचे नऊ भाग बघायचे आणि त्यांच्याबद्दल जवळपास काहीच बोलायचं नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

(मालिका बघायची राहिली असेल तर इथेच थांबा. पुढे सगळं फोडणार आहे.)

नवरात्र चालू होतं. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडेच होती आणि घटही तिनेच बसवला होता. अखंड दिवा विझू नये म्हणून ती रात्रीतून दोनदा उठायची, तेल घालायची आणि जाता जाता माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहायची. भयमालिका बघताना मध्यरात्री मागे कुणीतरी न बोलता उभं असणं कसं असतं, ते सांगत बसत नाही. पाचव्या भागाला मी किंचाळले आणि ती म्हणाली, “अगं, मीच आहे.”

गोष्ट थोडक्यात अशी. ह्यू आणि ऑलिव्हिया क्रेन जुने वाडे विकत घ्यायचे, दुरुस्त करून विकायचे. १९९२ च्या उन्हाळ्यात ते पाच मुलांना घेऊन हिल हाउसमध्ये राहायला येतात. एका रात्री बाप मुलांना गाडीत कोंबून पळ काढतो, आई मागे राहते आणि मरते. सव्वीस वर्षांनी धाकटी नेल त्याच घरात जाऊन जीव देते. उरलेली चार भावंडं आपापल्या परीने मोडलेली आहेत. स्टीव्ह भुतांवर पुस्तकं लिहून पैसे कमावतो आणि स्वतः भूत मानत नाही. शर्ली मृतदेह सजवून अंत्यविधी करून देण्याचा व्यवसाय चालवते. थिओला हात लागला की समोरच्याचं सगळं कळतं, म्हणून ती हातमोजे काढत नाही. ल्यूक व्यसनात बुडालेला. लहानपणापासून नेलला दिसणारी मान मोडलेली बाई म्हणजे मेलेली नेलच, हे पाचव्या भागात कळतं तेव्हा पोटात खड्डा पडतो. सहावा भाग जेमतेम पाच लांबलचक शॉट्समध्ये उरकलाय. कॅमेरा अंत्यविधीच्या जागेतून चालत चालत थेट जुन्या वाड्यात शिरतो.

इतकं चढवल्यावर शेवटचा भाग येतो. सुमारे ७० मिनिटांचा. रविवारी रात्री एक वाजता तो संपला आणि मी चिडून झोपले.

पहिला खर्डा मी त्याच रागात सोमवारी सकाळी लिहिला. भावंडं आणि बाप त्या घरात परततात. कधीच न उघडलेली लाल दाराची खोली त्यांना एकेकाला गिळते आणि स्वप्नं दाखवते. मेलेली नेल येऊन सोडवते. मग भाषणं सुरू होतात. नेल बोलते, बाप बोलतो, आई बोलते, स्टीव्ह तर निवेदकच. बाप आईजवळ राहायचं कबूल करतो, त्या बदल्यात मुलं सुटतात. शर्ली नवऱ्याला जुनी चूक सांगून टाकते, थिओ हातमोजे फेकून देते, ल्यूक दोन वर्षं व्यसनाशिवाय राहिल्याचा केक कापतो. पार्श्वभूमीला हळवं गाणं. नऊ भाग माणसांच्या हाडात थंडी भरायची आणि दहाव्यात सगळ्यांना शाल पांघरायची, असं मी लिहिलं. वाक्य आवडलंही मला.

खरा राग एका ओळीचा होता. मालिका जिच्यावर बेतलीय त्या, लेखिका शर्ली जॅक्सनच्या १९५९ च्या कादंबरीचा पहिला परिच्छेद जिथे थांबतो तिथे ती म्हणते की त्या घरात जे काही चालायचं, ते एकटंच चालायचं. कादंबरी संपतेही त्याच शब्दांवर. या भागाचं नावही त्याच परिच्छेदातून उचललंय. पण स्टीव्हच्या तोंडी शेवटी येतं ते असं की तिथे जे चालतात, ते सोबतीने चालतात. म्हणजे पुस्तकातली सगळ्यात गार ओळ उलटी करून ऊबदार केली. दिग्दर्शक माइक फ्लॅनगन याला हा अधिकार कुणी दिला, असं काहीतरी मी लिहून ठेवलं होतं.

खर्डा भरला साडेनऊशे शब्द. त्यातले सहाशे कथानकाचे. दुसरा खर्डा म्हणजे नुसती कापाकापी. इथे रहस्यभेदाचा घोळ सुरू झाला. शेवटावर लिहायचं आणि शेवट सांगायचा नाही, हे लग्नाला जाऊन नवरीबद्दल न बोलण्यासारखं. ‘एक पात्र’, ‘एक निर्णय’, ‘एक खोली’ असं लिहीत गेले, तर परिच्छेद सरकारी परिपत्रकासारखा दिसायला लागला. लाल खोलीच सांगायची नसेल तर बोलायचं कशावर? संपादकांना फोन केला. म्हणाले, “वर एक ओळ टाका, शेवट उघड केला आहे म्हणून, आणि मोकळ्या व्हा.” कुणीतरी हे शनिवारीच सांगायला हवं होतं.

मोकळी झाले तरी मजकुरात जीव नव्हता. मग एक जुनी युक्ती केली. आवाज पूर्ण बंद करून तो भाग परत लावला. संगीत आणि भाषणं गेली की दृश्य काय करतंय तेवढंच उरतं. तेव्हा दिसली ती खिडकी. थिओची नाचाची खोली, ल्यूकचं झाडावरचं घर, नेलची खेळण्यांची खोली, सगळीकडे तीच उंच अरुंद खिडकी. म्हणजे मुलं आयुष्यभर ज्या बंद खोलीचं दार ठोठावत होती, तिच्यात ती रोज बसत होती. ज्याला जे हवं ते रूप घेऊन ती खोली त्याच्यासमोर उभी राहायची. नेल ते समजावते तेव्हा म्हणते की घर जर शरीर असेल तर ही खोली म्हणजे पोट. आम्ही शांत बसावं म्हणून सोंगं घेत होती, आणि तोवर आम्हाला पचवत होती.

पोटाची उपमा मला पहिल्या वेळी बाळबोध वाटली होती. पचवणारं घर! त्याच दुपारी आई बाहेरच्या खोलीत मावशीशी फोनवर बोलत होती. मावशीचा नेहमीचा प्रश्न असणार, साताऱ्याच्या घराचं काय करणार, परत कधी जाणार. आई म्हणाली, “जाऊन काय करू गं? खायला उठतं घर.”

हा वाक्प्रचार मी हजारदा ऐकलाय. माणूस गेलं की घर खायला उठतं. मराठीत कुणी याचा अर्थ विचारत नाही. आणि इथे एक अमेरिकन दिग्दर्शक तेच दहा तास लावून शब्दशः दाखवतोय, तर मी त्याला बाळबोध म्हणतेय. शिवाय वास्तू तथास्तु म्हणते, म्हणून घरात वाईट बोलू नये, हे आईने लहानपणी किती वेळा ऐकवलंय. हिल हाउसची लाल खोली नेमकं हेच करते. ज्याला जे हवं त्याला ती तथास्तु म्हणते, आणि तेच तिचं चावणं.

तिसरा खर्डा दीड तासात झाला. शाल पांघरल्याचं वाक्य काढलं, जड मनाने. सोबतीच्या ओळीवरची तक्रार ठेवली, कारण ती अजूनही आहे. जॅक्सनच्या घरात सोबत नाही हीच भीती होती. पण केक कापायच्या दृश्याबद्दल आता वेगळं लिहिलं. केकचा रंग लाल आहे. लाल खोली हवं ते दाखवते हे कळल्यानंतर, सगळं मनासारखं झालेलं ते शेवटचं दृश्य निर्धास्त कसं बघायचं, एवढाच प्रश्न मांडून सोडून दिला. (नंतर फ्लॅनगनच्या मुलाखतींतून समजलं की त्या दृश्यात मागे लाल खोलीची खिडकी दाखवायचं त्याच्या मनात होतं. पण पात्रांवर जीव जडला होता, क्रूर वाटेल म्हणून त्याने ते टाळलं. मला वाटतं, दाखवायला हवी होती.)

भाषांतराने एका ठिकाणी अडवलं. नेल म्हणते की काळ एका ओळीत सरकत नाही, क्षण आपल्याभोवती पावसासारखे, बर्फासारखे, कॉन्फेटीसारखे पडत असतात. कॉन्फेटीला मी ‘अक्षता’ लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. अक्षता डोक्यावर पडतात तेव्हा त्या मोजत कोण बसतं? शेवटी अक्षताच ठेवल्या.

शेवटचा परिच्छेद डडली जोडप्याला दिला. वाड्याची देखभाल करणारं हे म्हातारं जोडपं. त्यांची लहानगी अॅबिगेल त्याच लाल खोलीत विषारी चहा पिऊन मेलेली. ह्यू घर जाळायला निघतो तेव्हा ते हात जोडतात, जाळू नका, आमची पोर आत आहे. पुढे बायको मरायला टेकली की नवरा तिला उचलून त्या घरात आणतो, म्हणजे ती मुलीजवळ जाईल. माझ्या मते अख्ख्या भागात याहून भयानक काही नाही, आणि याहून मायेचंही. सोमवारी रात्री तेल घालायला उठलेली आई हे दृश्य उभ्या उभ्या बघत होती. इंग्रजी तिला फारसं कळत नाही. मी दोन वाक्यांत सांगितलं. ती म्हणाली, “त्यांचं बरोबर आहे,” आणि देवघरात गेली. मला दुपारचा फोन आठवला, पण विचारलं नाही.

मंगळवारी साडेअकराला मजकूर पाठवला. सातशे बारा शब्द.

गुरुवारी दसऱ्याचा जाडजूड अंक आला. अक्षतांची कॉन्फेटी झाली होती, ते अपेक्षितच. पानाच्या खालच्या भागात नव्या गृहप्रकल्पाची जाहिरात होती, दोन आणि तीन बीएचके, ‘आपल्या माणसांसाठी आपलं घर’. तिला जागा करायला शेवटचा परिच्छेद गेला होता.

आईने चष्मा लावून अख्खा मजकूर वाचला, मग पान उलटून मागे पाहिलं.

“आणि ते म्हातारा-म्हातारी कुठे गेले?”