मागची भिंत

जूनचा दुसरा रविवार. पाऊस अजून लागला नव्हता, पण हवा अशी दाटलेली की कधीही कोसळेल. चर्नी रोडला उतरून गिरगावातल्या त्या वाडीच्या तोंडाशी पोहोचले, तर रहिवासी संघाचे चिटणीस काका कापडी पिशवीत फाइली घेऊन उभेच होते. त्यांनी मला थेट त्या घरापुढे नेलं. दाराच्या फळीवर नोटीस चिकटवलेली. महापालिका कायद्याचं कलम ३५४. इमारत ‘सी-१’, म्हणजे अतिधोकादायक. रिकामी करून पाडावी.

वाडीचं नाव लिहीत नाही. जागा इतकी लहान आहे की नाव घेतलं की माणसं ओळखू येतात. गिरगावातली खोताची वाडी सगळ्यांना माहीत आहे. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावाची ती वाडी. एके काळी तिथे पासष्टच्या आसपास घरं होती, आता निम्मीही उरलेली नाहीत. ही वाडी तिच्याच जातकुळीची. दगडी जोतं, सागवानी खांब, खांबांच्या मधे विटांच्या भिंती, वर लाकडी कड्या-फळ्यांचा कडीपाट, त्यावर मंगलोरी कौलं, आणि पुढे लाकडी कठड्याचा व्हरांडा. दोन घरांच्या व्हरांड्यांतून एकमेकांना वाटी देता यावी एवढीच गल्लीची रुंदी.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. चौदा वर्षं लाकडी घरांचंच काम करते. कॉलेजात आम्हाला आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेलं काँक्रीट, आणि पोलाद पोटभर शिकवलं, लाकूड एका प्रकरणात उरकलं. त्यामुळे तीस वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं झालं तेव्हा शंभर-सव्वाशे वर्षांची सागवानी घरं अशा लोकांच्या हाती गेली, ज्यांनी आयुष्यात एकही तुळई उघडून पाहिलेली नाही. याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही.

काकांनी माहितीच्या अधिकारात ऑडिटची प्रत मिळवली होती. ऑडिट मालकांनी करवून घेतलेलं. त्या घरात राहणाऱ्या आजींच्या ओट्यावर बसून मी ते वाचायला घेतलं. नवव्या पानावर रिबाउंड हॅमरचे आकडे. पुढे हाफ-सेलचे. निष्कर्षात लिहिलं होतं की सळ्यांना तीव्र गंज आहे, काँक्रीटची ताकद संपली आहे. मी मान वर करून कडीपाटाकडे पाहिलं. रिबाउंड हॅमर काँक्रीटचा पृष्ठभाग किती कठीण ते सांगतो, हाफ-सेल काँक्रीटच्या आतली सळी गंजत असण्याची शक्यता सांगतो. त्या घराच्या सांगाड्यात ना काँक्रीट होतं, ना सळी.

“म्हणजे रिपोर्ट खोटा ना?” काकांनी लगेच विचारलं.

“काका, थांबा. घर बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही.”

ते मी त्यांच्याइतकंच स्वतःला सांगत होते. २०१७ च्या ऑगस्टअखेरीस भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळली, तीसहून अधिक माणसं गेली. तिथून गिरगाव चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ‘घर राहण्याजोगं आहे’ या वाक्याखाली सही करताना ती इमारत दर वेळी डोळ्यांपुढे येते. चुकीच्या रिपोर्टखालचं घरही खरोखर पडायला आलेलं असू शकतं.

नऊ वाजता सुरुवात केली. सोबत सुतारमामा होते, मूळचे राजापूरकडचे, पन्नास वर्षं याच कामात. आमची हत्यारं साधी: लांब स्क्रूड्रायव्हर, लाकडी हातोडा, ओळंबा, विजेरी आणि लाकडातली ओल मोजायचं छोटं मीटर. खालचे सगळे खांब मामांनी एकेक करून ठोकले. निरोगी सागाचा आवाज खणखणीत येतो, पोखरलेल्याचा भदभदीत. चौदाही खांब खणखणीत होते. जोत्याशी स्क्रूड्रायव्हर दाबला तर टोक नखभरसुद्धा आत गेलं नाही. मीटरवर पंधरा, सोळा टक्के. विसाच्या खाली ओल असेल तर कुजवणारी बुरशी सहसा धरत नाही. ओळंबा सोडला, तर जिन्याजवळचा खांब दीड इंच कललेला. पण त्या कलाने भिंतीला पडलेल्या फटीत रंगाचे चार थर होते. म्हणजे तो कल आमच्या आधीच्या पिढीतला, आणि तेव्हापासून तिथेच थांबलेला.

मग वरच्या मजल्यावर गेलो. मागच्या खोलीत जमीन भिंतीकडे उतरत होती. तुळयांची टोकं त्या भिंतीत शिरतात. पहिल्या टोकाशी गिलावा थोडा काढला आणि स्क्रूड्रायव्हर लावला. तो मुठीपर्यंत आत गेला. जोर असा लावावाच लागला नाही. बाहेर काढला तर टोकाला तपकिरी ओला भुसा, चहाच्या चोथ्यासारखा. मीटर चौतीसवर. दुसरं टोक तसंच. तिसरं, चौथं. पाचव्यापासून पुढे अकराव्यापर्यंत पुन्हा खणखणीत साग.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ताई, पाणी पलीकडनं येतंय.”

पलीकडे म्हणजे मागच्या बोळात. तिथे संडासांचा दोन मजली सिमेंटचा मनोरा घराला चिकटवून बांधलेला. स्लॅबचं पोट फुटून सळ्या लोंबत होत्या, पाइप सांध्यातून ठिबकत होता आणि ते पाणी सरळ आमच्या चार तुळयांच्या भिंतीत मुरत होतं. आणि त्या मनोऱ्याच्या खांबांवर खडूने काढलेली वर्तुळं होती. आत आकडे. एक, दोन, तीन... बारापर्यंत. रिपोर्टमधल्या चाचण्याही बाराच. विजेरी धरून मी प्रत्येक वर्तुळ पाहिलं, मग घराच्या आत-बाहेर पुन्हा एक फेरी मारली. घराच्या अंगावर खडूची एक रेघही नव्हती.

चाचण्या खऱ्या होत्या, आकडेही खरे असतील. फक्त ते संडासाचे होते आणि शिक्षा घराला झाली होती.

आता प्रश्न होता सिद्ध करण्याचा. मनोरा नंतर जोडला, हे मला दिसत होतं. कागदावर कसं दाखवायचं? आजी दारात बसून आमची धावपळ बघत होत्या. त्या उठल्या, आतून एक अल्बम घेऊन आल्या. “हे बघ गं बाळा, आमच्या वन्संचं लग्न. मांडव मागेच घातला होता.” फोटोत मांडवाच्या बांबूंमागे आमची ती मागची भिंत सबंध दिसत होती, दोन खिडक्यांसकट. त्या खिडक्यांच्या जागी आज मनोरा आहे. फोटोच्या पाठीवर शाईने लिहिलेलं, मे १९७४.

आणि काकांनी पिशवीतून नोंदवह्या काढल्या. या वह्यांबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंच आहे. दर वर्षी मे महिन्यात संघाची दोन-तीन माणसं वाडीतलं प्रत्येक घर फिरून बघतात. कुठलं कौल सरकलंय, कुठली पन्हळ तुंबलीय, कुठल्या भिंतीत पिंपळाचं रोप आलंय. रोप बोटाएवढं असताना काढलं तर दोन मिनिटांचं काम. तीन पावसाळे राहिलं तर त्याची मुळं भिंत दुभंगवतात. सगळं वहीत लिहायचं, फोटो काढायचे, पाऊस सुरू व्हायच्या आत जमेल तेवढं करून घ्यायचं. वर्तमानपत्रात बातमी येते ती वारसा वाचवण्यासाठी निघालेल्या मोर्चाची. माझ्या मते वाडी आजवर उभी राहिली ती या वह्यांमुळे. त्यांत या घरापुढे सलग नऊ वर्षं एकच ओळ होती: ‘मागची भिंत – ओल. मालकांना कळवले.’

मालकांवर सगळं ढकलणं मला पटत नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली. अशा घरांची महिन्याची भाडी आजच्या दुरुस्तीच्या खर्चापुढे काहीच नाहीत. दुरुस्ती परवडत नाही, टॉवर झाला तर सुटका होते, हा हिशोब मला कळतो. पण त्या हिशोबासाठी धडधाकट घराला मरणाचा दाखला द्यायचा, हे मला मान्य नाही.

संध्याकाळी ओट्यावर सगळे जमले. मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. घर पाडण्याची गरज नाही. पण संडासाचा मनोरा पाडावाच लागेल, आणि वरच्या मागच्या दोन खोल्या आज रात्रीच रिकाम्या करायच्या, कारण पाऊस आला तर त्या चार तुळयांची हमी मी देणार नाही.

वरचे भाडेकरू उभे राहिले. “मॅडम, तुम्ही आमच्या बाजूने आलात ना? आणि आम्हालाच बाहेर काढता? एकदा निघालं की परत कोण घेतं?”

त्यांची भीती खोटी नव्हती. गिरगावातून संक्रमण शिबिरात गेलेली आणि तिथेच म्हातारी झालेली माणसं प्रत्येकाच्या नात्यात आहेत. मी म्हटलं, “तुमच्या बाजूने आहे म्हणूनच सांगतेय. पाचव्या तुळईच्या अलीकडे आज माझी मुलगी असती तर तिलाही मी झोपू दिलं नसतं.”

कुणी काही बोलेना. मग समोरच्या घरातल्या ताई म्हणाल्या, “आमची माळ्यावरची खोली आहे. दोघं माणसं मावतील.” बाजूच्या घराने संडास वापरायला दिला. काकांनी तिथल्या तिथे एक कागद लिहिला: खोल्या फक्त दुरुस्तीसाठी रिकाम्या केल्या आहेत, हक्क कायम आहे. खाली संघाचा शिक्का आणि नऊ सह्या. न्यायालयात त्याचं वजन किती, ते वकील सांगतील. त्या रात्री तो कागद पुरला. अकरा वाजेपर्यंत कपाटं, गाद्या, देवघर गल्लीतून पलीकडे गेलं. मामांनी दोन पोरांना घेऊन चारही तुळयांखाली टेकू उभे केले. पहाटे पाऊस आला.

पुढचं थोडक्यात. माझा अहवाल आधीच्या ऑडिटशी जुळत नव्हता. असे दोन अहवाल विरोधात गेले की प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. फोटो, वह्या आणि मीटरचे आकडे जोडून आम्ही ते तिथे नेलं. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली तेव्हा ती देशातली अशी पहिली मानली गेली, आणि वारसा परिसरातल्या घरांना तिचा आधार आहे. पण घर ‘सी-१’ ठरलं की विषय जिवाचा होतो आणि त्यापुढे बाकी सगळं मागे पडतं. म्हणून वर्ग बदलून घेणं हीच खरी लढाई होती. समितीची माणसं आली, त्यांनी खडूची वर्तुळं पाहिली, तुळया स्वतः टोचून पाहिल्या. घर ‘सी-२ए’ झालं: काही भाग पाडून, काही रिकामा करून दुरुस्ती.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. संघ गणपतीच्या वर्गणीतला काही भाग दर वर्षी दुरुस्तीसाठी बाजूला ठेवतो, तो कामी आला. काकांनी सोळा वेळा फोन केल्यावर मालकांनीही संमतीपत्रावर सही केली आणि आपला वाटा दिला. कुजलेली टोकं दोन-दोन फूट कापून मामांनी जुन्या सागाचे तुकडे तिरप्या खाचेत बसवले, बोल्ट आवळले. भिंतीत शिरणाऱ्या टोकांभोवती हवा खेळायला बोटभर जागा सोडली. जोडासाठीचा साग वखारीतून आणलेला, कुठल्या तरी पाडलेल्या चाळीचा. त्याच्या एका अंगाला निळा ऑइलपेंट होता. मामांनी तो घासायला घेतला, तर आजी म्हणाल्या, “राहू दे. त्यांच्याही घरातला आहे.”

या मे महिन्यात संघाच्या फेरीला मी मुद्दाम गेले. मीटर सतरावर. वरचे भाडेकरू आपल्या खोलीत परत आलेत, त्यांनी खिडकीत तुळस ठेवलीय. त्या दोनांपैकी एक जुनी खिडकी आता पुन्हा उघडते. काकांनी वही गुडघ्यावर धरून लिहिलं: ‘मागची भिंत – कोरडी. जिन्याजवळची पन्हळ – गळते, पावसाआधी बदलणे.’ आणि ते पुढच्या घराकडे वळले.