तुम्ही विचारलंत म्हणून: हे काळोखातले स्वस्त सिनेमे

आमच्याकडे कुणी जेवायला आलं आणि टीव्हीवर माझा एखादा सिनेमा अर्ध्यात थांबवलेला दिसला की विचारतातच. परवा साडूंनी विचारलं, "अहो, एवढे चांगले पिक्चर पडलेत, तुम्ही हे भिकारडे काय बघत बसता? निम्मा वेळ नुसता काळोख!" पानं वाढायची घाई होती, म्हणून हसून सोडून दिलं. आता सांगतो.

फ्रेंच समीक्षकांनी १९४६ साली ज्यांना 'फिल्म न्वार', म्हणजे 'काळा सिनेमा', म्हटलं, ते हे अमेरिकन गुन्हेपट. त्यातही मला बड्या नटांचे नकोत, खालच्या पायरीवरचे हवेत. तेव्हा तिकडे एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायचे. मुख्य सिनेमाला गल्ल्यातला हिस्सा मिळायचा, जोडीच्या सिनेमाला बहुतेकदा ठरावीक भाडं. म्हणजे कितीही जीव ओतून काढा, येणारे पैसे तेवढेच. खर्च त्याच्या आत बसवायचा.

ही ओढाताण मला ओळखीची आहे. कॉलेजात मी एकांकिकांची प्रकाशयोजना करायचो. चार स्पॉट आणि एक डिमर, तोही मधूनच शॉक देणारा. नेपथ्याचे पैसे संपले की दिग्दर्शक माझ्याकडे बघायचा. मागचा फाटका पडदा दिसू नये म्हणून मी उजेड नटाच्या तोंडापुरता ठेवायचो. एका परीक्षकांनी त्याला 'पात्राचं एकटेपण' म्हटलं. आम्ही गंभीरपणे मान डोलावली.

त्यामुळे दिग्दर्शक एडगर उल्मरचा 'डीटूर' (१९४५) पहिल्यांदा बघताना मला हसूच आलं. क्लबात पियानो वाजवणारा नायक रात्री प्रेयसीबरोबर चालत घरी निघतो. न्यूयॉर्क उभं करायला पैसे कुठले? सोडलं धुकं. दिव्याचा खांब, रस्त्याच्या नावाची पाटी, बाकी पांढरं. पण त्याच धुक्यात ती सांगते, मी हॉलिवूडला चालले. त्याला पुढचं काही दिसेनासं होतं आणि आपल्यालाही. माझं हसू तिथे थांबलं.

पुढे तो लिफ्ट मागत पश्चिमेला निघतो. नकाशात पश्चिम डावीकडे, म्हणून पडद्यावरही त्याने डावीकडेच जावं यासाठी काही शॉट आरशात दिसावेत तसे उलटे छापले, असं सांगतात. परिणाम असा की अमेरिकेतल्या गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावू लागतात आणि ड्रायव्हर उजवीकडे बसतो. ही गफलत माझ्या लक्षात आली तिसऱ्या खेपेला. आपल्याकडे गाड्या तशाच चालतात की!

सगळे असे नसतात हो. कित्येक मी वीस मिनिटांत बंद केलेत. कंटाळवाणा सिनेमा गरिबाघरचा आहे म्हणून गोड लागत नाही.

पण 'गन क्रेझी' (१९५०) मधला बँकेवरचा दरोडा बघा. कॅमेरा गाडीच्या आत, मागच्या बाजूला, शॉट एकच, तीन मिनिटांहून लांब. दरोड्याला निघालेलं जोडपं गाडी लावायला जागा मिळेल का याची काळजी करतंय. तो बँकेत जातो, आपण गाडीतच. बँकेचा सेट नको, आत घाबरून ओरडणारी माणसं नकोत. तेवढ्यात फुटपाथवर पोलीस येतो. ती उतरून त्याच्याशी गोड बोलत राहते आणि आपण, साधी पापभीरू माणसं, मनात म्हणतो, अरे, आटप लवकर! पळताना ती मागे वळून बघते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भीती नसते, मजा असते.

हे दोन्ही साडूंना नाही पटले तर एक प्रसंग राखून ठेवलाय. 'द बिग कॉम्बो' (१९५५), कॅमेरा जॉन ऑल्टनचा. टोळीतला एक उतारवयाचा माणूस, कानाला यंत्र लावणारा, मारला जाणार आहे. समोर त्याचीच माणसं बंदुका घेऊन उभी. टोळीचा म्होरक्या पुढे होतो आणि गोळ्यांचा आवाज तुला ऐकू येऊ नये म्हणून, उपकार केल्यासारखं, ते यंत्र काढून घेतो. त्याच क्षणी आपलेही कान बंद होतात. बंदुकांच्या तोंडाशी नुसते लखलखाट, आवाज शून्य.

साडू, रविवारी या. आणि तिथे रिमोट शोधू नका, टीव्ही बिघडलेला नसतो.