समोरची पाठ

मराठीत पाठ फिरवणे हे काही चांगले लक्षण मानले जात नाही. मी मात्र गेली चार वर्षे आठवड्यातून दोनदा, जिकडे जायचे असते नेमकी त्याच दिशेला पाठ करून समुद्रावर जातो आणि माझ्यापुढची तिघेही तेच करतात. वल्हवणाऱ्याला आपण कोठून निघालो ते दिसते, कोठे चाललो ते दिसत नाही. ते फक्त सुकाणू धरून बसलेल्या पाचव्या माणसाला दिसते आणि त्याच्यावर विश्वास ठेवण्यावाचून आमच्यापुढे दुसरा इलाज नसतो.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफमधल्या ज्या लहानशा गावात मी राहतो, तेथे ही चार वल्ह्यांची, 22 फूट लांबीची लाकडी होडी साऱ्या गावाची म्हणून आहे. फेअर आयल बेटावरच्या जुन्या होड्यांवरून इयान ऊट्रेड या रचनाकाराने तिचा आराखडा केला आणि अँस्ट्रदरच्या स्कॉटिश फिशरीज म्युझियमच्या पुढाकाराने 2009 पासून अशा होड्या गावोगावी होऊ लागल्या. प्लायवूडच्या फळ्या कापून येतात, पण त्या जोडायच्या गावकऱ्यांनीच. 2013 साली उलापूलला या होड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. आमची होडी बांधली गेली तेव्हा मी येथे नव्हतो. तिच्या एका फळीवर मात्र रंधा घसरल्याची खूण आहे आणि तो कोणाच्या हातून घसरला यावर चहाच्या वेळी अजूनही वाद होतो.

माझी जागा नाळेकडची, म्हणजे सर्वांच्या मागची. त्यामुळे माझी पाठ कोणालाच दिसत नाही आणि मला मात्र रांगेने तीन पाठी दिसतात. त्यांतली अगदी पुढ्यातली पाठ दोन नंबरच्या बाईंची. त्या सत्तरीच्या आहेत आणि आयुष्यभर टपाल वाटत पायी हिंडल्या आहेत. येथे सारेच एकमेकांना नावाने हाक मारतात. माझी जीभ मात्र पहिले वर्षभर अडखळत असे, म्हणून मी मनातल्या मनात त्यांच्या नावाला 'मावशी' जोडून टाकले. त्यांचे खांदे वर चढले की वारा समोरून येतो आहे, मान डावीकडे कलली की रात्री झोप झालेली नाही, हे मला आता न सांगता कळते. मात्र एकदा किराणा दुकानात त्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या आणि मी त्यांना ओळखलेच नाही. दूध घ्यायला त्या फ्रिजकडे वळल्या, तेव्हा कोठे मी धावत जाऊन क्षमा मागितली.

वल्हे पाण्यात चौघांचे एकदम पडले पाहिजे. एखाद्याचे वल्हे वेळेवर बाहेर आले नाही तर पाणी ते आत खेचून धरते, दांडा छातीवर आदळतो आणि सारी लय मोडते. याला येथे 'खेकडा पकडणे' म्हणतात. मी हर्णैच्या बंदरावर वाढलेला असल्यामुळे चिंबोरी पकडण्यात लाजण्यासारखे काय आहे, हे समजायला मला बराच वेळ लागला.

आमचे वर्ष हर्णैच्या वर्षाच्या अगदी उलटे चालते. तेथे 1 जूनला मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारल्या जातात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर दर्यावर्दी पुन्हा बाहेर पडतात. येथे मात्र जूनमध्येच आमचा खरा सण असतो. सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दिवसभराचे काम आटोपून, जेवूनखाऊनसुद्धा पाण्यावर जाता येते. मे बेटाच्या बाजूने पफिन पक्षी पंख फडफडवत घाईघाईने जातात आणि दूरचा बास रॉक गॅनेट पक्ष्यांनी इतका भरलेला असतो की खडक चुन्याने रंगवल्यासारखा पांढरा दिसतो. त्या दिवसांत समोरच्या पाठीवरचा जाड कोट जाऊन बिनबाह्यांचा शर्ट येतो आणि खांद्यांवर उन्हाचे तांबूस ठिपके उमटतात. कधी समुद्रावरून दाट धुके येते, त्याचे येथले नाव 'हार'. आपल्याकडे हार गळ्यात पडतो नाहीतर पदरी येते. ही तिसरी हार आली की किनारा पुसला जातो, सुकाणूवाल्यालाही काही दिसेनासे होते आणि मग आम्ही पाचही जण सारखेच आंधळे होतो.

हिवाळ्यात होडी फक्त शनिवार-रविवारी सकाळी निघते, कारण डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळून मोकळा होतो. बाकीचे दिवस शेडमध्ये वल्ही घासण्यात आणि वॉर्निश लावण्यात जातात. फसवा असतो तो मार्च. काठावर डॅफोडिल फुललेले असतात, ऊन पडलेले असते, आणि समुद्र मात्र वर्षातला सर्वांत गार असतो, जेमतेम पाच-सहा अंशांचा. हात पाण्याला लागला की बोटे आपली राहत नाहीत.

अशाच एका फेब्रुवारीत दोन नंबरच्या मावशींचे यजमान वारले. त्या एप्रिलमध्ये परत आल्या, जीवरक्षक जाकीट घालून नेहमीच्या जागेवर बसल्या. कोणी काही विचारले नाही, त्यांनीही काही सांगितले नाही. आपल्याकडे अशा वेळी भेटायला जातात, जवळ बसतात, डोळ्यांत पाहून चार शब्द बोलतात. मला ते जमले नव्हते आणि त्याची खंत मनात होती. बंदराच्या भिंतीबाहेर पडल्यावर मला त्यांची पाठ थरथरताना दिसली. लय ठरवणारा सर्वांत पुढचा गडी, धंद्याने सुतार, त्याला मागचे काही दिसणे शक्य नव्हते. तरी त्याने वल्ह्याचा ठेका हळूहळू उतरवत नेला. वल्ह्याच्या आवाजावरून त्याला ते कळले असावे. अर्धा तास आम्ही त्याच संथ ठेक्यावर गेलो आणि परतताना तो आपोआप पुन्हा चढला.

गेल्या महिन्यात सुकाणूवाला आजारी पडला आणि मला त्याच्या जागेवर बसवण्यात आले. चार वर्षांत पहिल्यांदाच मला होडीतले सगळे चेहरे एकदम दिसले. सुतार ओठ घट्ट मिटून वल्हवतो. तीन नंबरची परिचारिका जीभ किंचित बाहेर काढते. आणि मावशी डोळे मिटून वल्हवतात, पूर्ण मिटून, पुढच्यांचा आवाज ऐकत. ज्या पाठीवरून मी त्यांची झोपसुद्धा ओळखत होतो, तिने मला हे कधीच सांगितले नव्हते. मी त्यांच्याकडे इतका वेळ पाहत राहिलो की 'थांबा' म्हणायचे राहून गेले आणि होडी किनाऱ्यावरच्या गोट्यांवर करकरत चढली. मावशींनी डोळे उघडून आधी फळीकडे आणि मग माझ्याकडे पाहिले.