तिरफळाच्या नूडल्स

शनिवार, जुलै, रात्रीचे साडेदहा

आज जमल्या एकदाच्या. चौथ्या खेपेला. पाऊस नुसता कोसळतोय, लाईट दोनदा गेली, पण हे लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

दान दान, म्हणजे चीनच्या सिचुआन प्रांतातल्या तिखट नूडल्स, मी पहिल्यांदा मुंबईत भावाकडे खाल्ल्या. सगळे म्हणत होते ओठ बधिर झाले, जिभेला मुंग्या आल्या, हे काय घातलंय, आणि मी गप्प, कारण मला ती चव लहानपणापासून माहितीये, आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे तिखट कालवणात, हेच तर असतं! घरी आल्यावर शोधलं. त्या नूडल्समधली सिचुआन मिरी आणि तिखल्यातलं आपलं तिरफळ एकाच वंशातली झाडं, झँथॉक्सायलम, लिंबू-संत्र्याच्या कुळातली. म्हणून तिरफळ चुरगाळलं की संत्र्याच्या सालीसारखा वास येतो. मला इतका आनंद झाला की त्याच रात्री आईला फोन केला.

आपल्याकडे गाडीवर शेजवान म्हणून मिळतं त्याचं नाव सिचुआनवरूनच आलं, पण त्यात लसूण, मिरची, व्हिनेगर, ही मिरी बहुतेक नसतेच. तिकडे त्या चवीला माला म्हणतात, मा म्हणजे बधिर करणारं आणि ला म्हणजे तिखट. आणि दान म्हणजे कावड, पूर्वी फेरीवाले खांद्यावर कावड घेऊन या नूडल्स विकायचे. मिरची तर दोन्हीकडे बाहेरूनच आली, अमेरिकेतून, तिरफळाचं काटेरी झाड मात्र आपल्या सह्याद्रीतलं.

तर आजचं. पहिल्या वेळी मी तिरफळं बियांसकट मिक्सरला फिरवली, कडू आणि कचकच. आई तिखल्यात ती नुसती ठेचून टाकते, मसाल्यात कधी वाटत नाही, त्याचं कारण तेव्हा कळलं. आता काळी बी काढून फेकते, टरफलं मंद तव्यावर वास सुटेपर्यंत गरम करते आणि खलबत्त्यात जाडसर कुटते. दोघांना सात-आठ टरफलं पुरतात.

तेलाचं खरं कसब आहे. धूर यायला लागला की गॅस बंद, दोन मिनिटं थांबायचं, मग बेडगी आणि लवंगी मिरचीच्या कुटावर आधी अर्धं तेल ओतायचं, ढवळायचं, मग उरलेलं. घाई केली की मिरची काळी पडते आणि मग काही करा, जळका वास जात नाही. तिरफळाचा कूट अगदी शेवटी. भाजून वाटलेले तीळ, सोया सॉस, व्हिनेगर, चिमूटभर गूळ, ठेचलेली लसूण, हे वाडग्याच्या तळाशी, नूडल्सचं थोडं गरम पाणी घालून सैल केलेलं. आंबटासाठी मागच्या वेळी कोकमाचं आगळ घातलं होतं, ते नाही चालत, कोकम पुढे पुढे करतं.

वर ते लोक डुकराचा खिमा आणि मोहरीच्या पाल्याचं खारवलेलं लोणचं घालतात. इथे जून-जुलैत ट्रॉलर बंद, ताजी मासळी नाही, पण आगोटीला, म्हणजे पावसाआधी, भरून ठेवलेला सुका जवळा होता. तो कुरकुरीत भाजून वर घातला आणि खारटपणा, खमंगपणा, सगळं त्यानेच दिलं. खरंच सांगते, मला आता खिमा नकोच.

आईने दोन घास खाल्ले, थांबली, म्हणाली, "गो, हेच्यात तिरफळां घातलंस?" मग वाडगा पुसून खाल्ला. ती चायनीजला हात लावत नाही एरवी.

लंडनमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं होतं की सिचुआन मिरीची ओठांवरची थरथर सेकंदाला साधारण 50 कंपनांसारखी जाणवते. आपल्या घरातल्या विजेची फ्रिक्वेन्सी पण 50च. दुसऱ्यांदा लाईट गेली तेव्हा आम्ही दोघी अंधारात बसून होतो, पंखा थांबलेला, टीव्ही गप्प, आणि ओठ तेवढे थरथरत होते.

बरणीत आता मूठभरच तिरफळं उरलीयेत. गणपतीच्या सुमारास नवी येतील, काकूच्या परसातलं झाड यंदा लगडलंय म्हणे. तोपर्यंत जपून वापरायला हवीत, आईला बांगडे आले की तिखल्यालाही लागणार.