'दिवसाला किती?' या रकान्यात अडकलेली मी

त्या फॉर्मवरचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आधी मी सिगारेट ओढायचे. ती सोडण्यासाठी व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, धरलं. सिगारेट सुटली, व्हेप चिकटलं. जिना चढताना धाप लागायला लागली, रात्री छातीत शिट्टी वाजायची, तेव्हा ठरवलं की आता हेही नको. एकटीने करून पाहण्यापेक्षा व्यसनमुक्ती केंद्रात रीतसर नाव घालावं असं वाटलं. माझा हा विचार चांगला होता, हे मी अजूनही म्हणते.

केंद्रात फॉर्म हातात आला. पहिलाच रकाना: 'सिगारेट, दिवसाला किती?' दुसरा: 'किती वर्षं?' या दोघांचा गुणाकार करून 'पॅक-इयर्स' काढतात. रोज 20 सिगारेटचं एक पाकीट याप्रमाणे वर्षभर ओढलं की एक पॅक-इयर. आता व्हेपचं काय लिहायचं? सिगारेट संपते, विझते, माणूस उठून कामाला लागतो. व्हेप संपतच नाही. एक झुरका आत्ता, दोन मघाशी, चार फोनवर बोलताना. मी खिडकीवर विचारलं तर उत्तर आलं, "ओढता का सिगारेट आता? नाही ना? मग शून्य लिहा." मी म्हटलं, "अहो, पण निकोटीन तर तेच आहे." "मॅडम, रकान्यात आकडा लागतो."

शून्य लिहिलं.

मग समुपदेशकांनी एका यंत्रात फुंकायला लावलं. ते श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतं. हा वायू जळण्यातून येतो आणि व्हेपमध्ये काही जळतच नाही, त्यामुळे माझा आकडा कधीही न ओढणाऱ्या माणसासारखा आला. "तुमचं तर फारच छान आहे!" असं कौतुक झालं. फॉर्मवर शून्य, यंत्रावर जवळपास शून्य, म्हणून शेरा पडला: 'अवलंबित्व कमी'. हातात 2 मिलिग्रॅमचे निकोटीन गम दिले आणि भरपूर पाणी प्या म्हणून सांगितलं.

पुढचे दिवस कसे काढले ते माझ्या घरच्यांना विचारा. झोप नाही, कशात लक्ष नाही, कुणी नुसतं "काय गं?" म्हटलं तरी अंगावर जायचे. केंद्रात परत गेले. परत तोच फॉर्म, कारण 'नवीन भेट, नवीन फॉर्म'. परत तोच रकाना. या वेळी मी तिथे 'व्हेप, मोजता येत नाही' असं लिहिलं, तर कागद परत आला: संगणक अक्षरं घेत नाही. डॉक्टरांना भेटायचं म्हटलं, तर 'अवलंबित्व कमी' असलेल्यांना डॉक्टरांकडे पाठवत नाहीत. म्हणजे त्रास किती आहे हे फॉर्म ठरवणार आणि फॉर्म चुकीचा आहे हे सांगायला जागाच नाही. संताप येतो तो यासाठी. व्हेप काही कालपरवा आलेलं नाही, एवढ्या वर्षांत एक रकाना वाढवायला काय हरकत होती?

शेवटी तो नाद सोडला आणि सरळ छातीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी फॉर्म उलटून ठेवला आणि विचारलं, "सकाळी उठल्यावर किती वेळात पहिला झुरका घेता?"

मी म्हटलं, "डोळे नीट उघडायच्या आधी हात उशीखाली जातो."

त्यांचं एवढ्यावरच काम झालं. निकोटीनची पकड किती घट्ट आहे ते मोजायची जी सहा प्रश्नांची फागरस्ट्रॉम चाचणी आहे, तिच्यात उठल्यापासून पाच मिनिटांच्या आत ओढणाऱ्याला त्या प्रश्नाचे सर्वाधिक, म्हणजे तीन गुण मिळतात. दिवसाला किती, हा त्यातला फक्त एक प्रश्न. गमची मात्राही याच वेळेवरून ठरवतात: उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर 4 मिलिग्रॅम, नाहीतर 2. म्हणजे मला पहिल्या दिवसापासून कमी मात्रा मिळत होती. त्यांनी अंगावर चिकटवायची 21 मिलिग्रॅम निकोटीनची पट्टी दिली, वर अचानक तलफ आली तर 4 चा गम. पट्टी दिवसभर सावकाश निकोटीन देते, गम वेळेला धावून येतो. दोन्ही मिळून एकट्यापेक्षा चांगलं काम करतात. त्यानंतरचं सोडणं इतकं सरळ गेलं की त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. पट्टी पुढे 14 वर आली, मग 7 वर, मग बंद.

गम साध्या च्युइंगमसारखा चघळत राहू नका. तोंडात चुरचुरलं की थांबून गालाशी दाबून ठेवायचा, चुरचुर गेली की परत चावायचा. सलग चघळला तर निकोटीन गिळलं जातं, मग उचक्या आणि जळजळ. चहा-कॉफी आधी पंधरा मिनिटं नको.

मध्येच खोकला वाढला. सोडलं आणि खोकला आला, म्हणून एक-दोघांनी "बघ, ओढत होतीस तेव्हा बरी होतीस" असंही ऐकवलं. श्वासनलिकेतली बारीक केसांसारखी लव धुरामुळे मंदावलेली असते. ती पुन्हा हलायला लागली की साचलेला कफ वर ढकलते. काही आठवडे असं चालतं. पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर तपासून घ्या, आणि बेडक्यात रक्त दिसलं तर एक दिवसही थांबू नका.

माझी स्पायरोमेट्री, म्हणजे फुप्फुसांची ताकद मोजणारी फुंकण्याची चाचणी, झाली. नाकाला चिमटा, खोल श्वास, आणि मग "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून" असा आरडाओरडा; सहा सेकंद तरी फुंकत राहायचं आणि तेही किमान तीनदा. घट्ट कपडे घालून जाऊ नका, पोट टम्म भरून तर नकोच. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा भागिले एकूण हवा, हे गुणोत्तर औषधाचा फवारा घेतल्यानंतरही 0.70 च्या खाली आलं तर सीओपीडीचा, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याच्या आजाराचा, विचार करतात. माझं वर आलं. डॉक्टरांनी लगेच बजावलं की लहान श्वासनलिकांमधली सुरुवातीची इजा या चाचणीत दिसेलच असं नाही. गेलेली क्षमता सहसा परत येत नाही, पण सोडल्यावर घसरण मंदावते.

तिथल्या फॉर्मवरही 'पॅक-इयर्स' होतं. मी जुन्या सिगारेटचा आकडा भरला आणि कडेच्या मोकळ्या जागेत लिहिलं: व्हेप, लिक्विडमध्ये एका मिलिलिटरला इतकं निकोटीन, बाटली इतके दिवस पुरते, उठल्याबरोबर लागतं, रात्री जाग आली तरी लागतं. तुम्हीही असंच लिहा आणि कागदाचा फोटो काढून ठेवा.

एक राहिलंच. धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफीन भराभर काढून टाकतं. सिगारेट सोडली की तो वेग उतरतो आणि तेवढीच कॉफी जास्त चढते. सिगारेट सोडल्यावर हात थरथरले, झोप उडाली, तर सगळा दोष तलफेला देण्याआधी कॉफी निम्मी करून बघा. थिओफिलिनसारखं दम्याचं औषध चालू असेल तर सिगारेट सोडतोय हे डॉक्टरांना आधी सांगा, मात्रा बदलावी लागते. हे फॉर्मवर कुठेच विचारत नाहीत.